पथ्याची बिअर

"भाल्या, एक बिअर आण."

दादाने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी आधी 'बरं' म्हणालो आणि मग दचकलो. सकाळची वेळ होती. त्याच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. आत वहिनींची घरघंटी चालू होती, तिच्या आवाजामुळे मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"काय आणू?"

"बिअर. साधी. शनिवारी प्यायचो तसली. गार."

"दादा, तुला ती चालत नाही," मी म्हणालो. "त्यात बार्ली असते."

तो माझ्याकडे बघत राहिला. आजारात त्याचा चेहरा आक्रसून गेला होता आणि डोळे तेवढे मोठे दिसायला लागले होते. त्या डोळ्यांनी त्याने मला बराच वेळ न्याहाळलं. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"नाही ना चालत?"

"नाही."

"म्हणजे पथ्य आहेच अजून."

"आहेच की."

"काय कटकट आहे," तो म्हणाला, पण कटकट झाल्यासारखा दिसला नाही. उलट त्याने पांघरुणातले पाय लांब केले. "मग चालते ती आण. हल्ली मिळते म्हणे, गहू-बार्ली नसलेली. तूच पुरवणीतलं वाचून दाखवलं होतंस."

वाचून दाखवलं होतं खरं. तेव्हा तो 'हॅ' म्हणाला होता.

"आणि हे बघ, बाटलीवर तसं लिहिलेलं पाहिजे. दुकानदार म्हणाला म्हणून उचलून आणू नकोस. मी स्वतः वाचणार. उघडणारही मीच."

मी मान डोलावली आणि पुढे वाचायला लागलो. पण कुठपर्यंत आलो होतो ते काही केल्या सापडेना. शेवटी कुठल्या तरी भलत्याच बातमीपासून सुरुवात केली. दादाच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलंही असेल.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. वहिनीही आता नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही असं वाटतं. तरीही खात्री नाही. मी आयुष्यभर वाचनालयात लोकांना पुस्तकं काढून दिली. स्वतः काही सांगायची सवय मला नाही.

आदल्या दिवशी आम्ही दादाला मिरजेला दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. वहिनी त्याला रिक्षात बसवत होत्या तेव्हा डॉ. मगदूमांनी मला मागे थांबवलं. लहानपणी ते आमच्या वाचनालयाचे बालसभासद होते, त्यामुळे मला 'सर' म्हणत.

"सर, आता पथ्य राहू द्या," ते म्हणाले.

मला कळलं नाही. "राहू द्या म्हणजे चालू ठेवू?"

"नाही. सोडा. आतड्यातली गाठ आता औषधांना दाद देत नाही. कशाला त्यांना सगळ्याला पारखं करायचं? जे खावंसं वाटेल ते द्या."

"गहूसुद्धा?"

"गहूसुद्धा."

किती दिवस, हे मला विचारायचं होतं.  त्यांनीच खिडकीबाहेर बघत सांगितलं, "दसरा होईल. दिवाळीचं मी नाही सांगू शकत."

रिक्षात वहिनींनी विचारलं, "मागे काय बोलत होते डॉक्टर?" मी म्हणालो, "काही नाही, औषधं तीच आहेत." शेजारी दादा डोळे मिटून बसला होता. तो झोपला असावा असं मला वाटलं होतं.

आता सकाळी त्याने साधी बिअर मागितली, तेव्हा तो काय विचारत होता ते मला 'बार्ली असते' म्हणून गेल्यावर कळलं. उत्तर विचार करून दिलेलं नव्हतं. सात वर्षांच्या सवयीने ते आपोआप आलं, आणि तेच त्याला हवं होतं.

याचं कारण आम्हा दोघा भावांनाच ठाऊक होतं. आमच्या वडिलांना मधुमेह होता. मी शाळेत होतो, दादा नुकता नोकरीला लागला होता. वडील अंथरुणाला खिळले आणि एके दिवशी डॉक्टर दाराशी चपला घालता घालता दादाला म्हणाले, "आता त्यांना हवं ते खाऊ द्या." दादाने त्याच दिवशी जिलबी आणली. वडिलांना जिलबी फार आवडायची. त्यांनी बशीकडे बघितलं, मग दादाकडे, मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते कुणाशी फारसं बोललेच नाहीत. त्या जिलबीबद्दल दादा पुढे एकदाच बोलला. म्हणाला, "भाल्या, त्यांना कळायला नको होतं." वहिनी घरात आल्या त्या यानंतर पुष्कळ वर्षांनी. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दादा कारखान्यात ओतकामाच्या खात्यात फोरमन होता. भट्टीसमोर आठवडा काढला की शनिवारी संध्याकाळी त्याचा मित्र शिरगुप्पे आणि तो परमिट रूममध्ये बसत. दोघांत दोन बाटल्या, खारे शेंगदाणे, आणि कारखान्यातल्या सगळ्यांची उणीदुणी. घरी येताना तो गाणं गुणगुणत यायचा. वहिनी दार उघडताना नाक मुरडायच्या, पण त्याच्यासाठी गरम पोळ्या करायला त्या मुद्दाम थांबलेल्या असायच्या. मी माझ्या खोलीत पुस्तक वाचत असायचो. मी लग्न केलं नाही, त्यांच्याचकडे राहिलो. दादा मला अनेकदा म्हणाला, "चल की रे एकदा. नुसता बस. शेंगदाणे खा." मी गेलो नाही. तिथे जाऊन बोलायचं काय, हीच मला धास्ती वाटायची.

निवृत्तीनंतर दादाचं वजन उतरायला लागलं. खाल्लेलं अंगी लागेना. बऱ्याच तपासण्यांनंतर मगदूमांनी निदान केलं, सीलिॲक. गव्हातलं ग्लूटेन आतड्याला सोसत नाही. गहू बंद, रवा-मैदा बंद, बार्ली बंद.

"बार्ली?" दादा ओरडला होता. "अहो, बार्ली तर आजारी माणसाला पाजतात!"

"तुम्हाला नाही पाजायची," डॉक्टर म्हणाले. "आणि बिअरही बार्लीचीच असते बरं का."

शनिवार तिथे संपला. शिरगुप्पे काही दिवस घरी येऊन ताक पीत बसला, मग त्याचं येणं कमी झालं.

वहिनींनी मात्र ते पथ्य असं पाळलं, की लोक हसायचे. आमच्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असणार, त्याचं पीठ आपल्या ज्वारीत येणार, म्हणून त्यांनी घरघंटी घेतली. जुनं पोळपाट-लाटणं देऊन टाकलं. हिंगाच्या डबीतसुद्धा कणीक मिसळलेली असते हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं आणि फोडणीतला हिंग बंद केला. घरात गव्हाचा दाणा येऊ द्यायचा नाही म्हणून आम्हीही भाकरीच खायचो. लग्नाकार्यात त्या दादासाठी पिशवीतून डबा न्यायच्या. "नलूताईंनी नवऱ्याला भाकरीवर ठेवलाय," असं नातलग म्हणायचे. त्या म्हणायच्या, "ठेवलाय ना? मग झालं."

मी कधीमधी वाचनालयाबाहेर चहाबरोबर बनपाव खायचो आणि घरी आल्यावर आधी चूळ भरायचो. एकदा सदऱ्यावर चुरा राहिला. वहिनींनी मला तसंच मागच्या दारी पाठवलं. "भाऊजी, झटका तो तिकडे," म्हणाल्या. "आणि हात धुतल्याशिवाय त्यांच्या ताटाला हात लावू नका."

बिअर आणायला मी त्याच दिवशी निघालो. सांगलीत बिअरची दुकानं किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या दुकानासमोर सायकलच्या पंक्चरवाल्याशेजारी मी बराच वेळ उभा राहिलो. पंक्चरवाल्याने विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?" तेव्हा नाइलाजाने रस्ता ओलांडला.

"ग्लूटेन नसलेली बिअर आहे का?"

काउंटरमागचा माणूस मला नखशिखांत बघत होता. "शुगर हाय काय तुम्हाला? बिअरमध्ये साखर नसती काका. बिनधास्त प्या."

"साखर नाही हो, गहू. गहू आणि बार्ली नसलेली."

"मग बिअर कशाची करायची? पाण्याची?" मागे दोघे-तिघे हसले. "लाइट घेऊन जावा. कुणाला कळत नाही."

त्या दिवशी मी तीन दुकानं फिरलो. शेवटच्या दुकानातल्या माणसाने पुण्याच्या एका मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं. परदेशी माल तिथे मिळतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. वहिनींना सांगितलं, पुस्तकांचं प्रदर्शन आहे, मामेभावाकडे मुक्काम करीन. त्यांनी भाकरी आणि चटणी बांधून दिली. "यांना आवडेल असं काहीतरी आणा," म्हणाल्या. "हलकंफुलकं. तुमचं ते जाडजूड नको."

दुकान एका मॉलच्या तळमजल्यावर होतं. आत इतकी गार हवा होती की मला मफलर आठवला. टाय लावलेल्या विक्रेत्याने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. माझ्या अपेक्षेपेक्षा तो फारच सभ्य निघाला. त्याने खालच्या फळीवरून दोन बाटल्या काढून पुढे ठेवल्या. लेबलवर गव्हाच्या लोंबीवर फुली मारलेली होती आणि खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, ग्लूटेन फ्री.

"सर, कुणासाठी घेताय?"

"भावासाठी."

"त्यांना आधी सांगून ठेवा. नेहमीच्या बिअरसारखी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. चव वेगळी असते."

"असू दे," मी म्हणालो. "फक्त लेबल असलं की झालं."

त्याला माझं म्हणणं विचित्र वाटलं असणार. दोन्ही बाटल्या मी पंच्यात गुंडाळल्या आणि पिशवीत पुस्तकांच्या मधे ठेवल्या. परतताना बसमध्ये पिशवी मांडीवरच धरून होतो. कराडच्या पुढे मनात आलं, मी हे काय करतो आहे? डॉक्टर म्हणालेत, हवं ते द्या. दादाला हवी असलेली बिअर सांगलीत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तिच्यासाठी तो सात वर्षं झुरला, आणि मी त्याच्यासाठी तिची नक्कल घेऊन चाललो आहे. पण खरी नेली तर ती जिलबीच होणार. मग वाटलं, दादासारखा माणूस असता तर त्याला काय करायचं ते लगेच कळलं असतं. माझ्यासारख्याकडे असले निर्णय यायलाच नकोत. इस्लामपूर आलं, गेलं. मी काहीच ठरवलं नाही. बाटल्या होत्या त्याच होत्या.

घरी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. वहिनींनी दार उघडलं. त्यांच्या गालाला पीठ लागलं होतं आणि चेहरा असा दिसत होता की मी दारातच थबकलो. तसा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"या या भाऊजी. हातपाय धुवा आणि तिकडेच बसा. स्वयंपाकघरात यायचं नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना! गंमत आहे."

मी बाटल्यांची गंमत घेऊन आलो होतो, त्यामुळे त्यांच्या गमतीकडे फार लक्ष दिलं नाही. फ्रिज बाहेरच्या खोलीत होता. एक बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली, दुसरी खाली भाजीत लपवली. मग दादाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

"मिळाली?" त्याने विचारलं.

"मिळाली."

"दाखव."

"गार होऊ दे."

"गार नंतर होईल. आधी दाखव."

मी बाटली आणून दिली. त्याने उशाखालचं भिंग काढलं आणि लेबलवरून अक्षर न् अक्षर सरकवत नेलं. त्याचे ओठ हलत होते.

"लिहिलंय," तो शेवटी म्हणाला. "आणि हे सोरघम म्हणजे काय?"

"ज्वारी."

"ज्वारी? म्हणजे भाकरी पितोय की मी!" त्याला हसू आवरेना, मग खोकला आवरेना. मी त्याची पाठ चोळली. सदऱ्यातून मणका न् मणका हाताला लागत होता.

बाटली जरा गार झाल्यावर मी त्याला उशांना टेकवून बसवलं. आमच्या घरात ओपनर नव्हता. दादाने चमच्याचा दांडा मागितला. पूर्वी तो एका झटक्यात टोपण उडवायचा, असं शिरगुप्पे सांगायचा. आता दोनदा दांडा निसटला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "लांब हो." तिसऱ्यांदाही निसटल्यावर मात्र तो थांबला. मग मी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनी मिळून जोर लावला. टोपण कॉटखाली गेलं.

पेला तिरका धरून त्याने बिअर ओतली. ती सोनेरी होती. वर बोटभर फेस आला.

"फेस आहे रे," तो म्हणाला. मग त्याने पेला नाकाशी नेला. "वास काही येत नाही. औषधांनी नाकच मेलंय माझं." आणि एक घोट घेतला.

मी वाट बघत होतो. तो घोट त्याने तोंडात फिरवला, गिळला, छताकडे बघितलं.

"कशी आहे?"

"भिकार," दादा म्हणाला, आणि त्याचा सगळा चेहरा हसला. "पाणचट आहे. कडूपणा नावाला. गिळल्यावर मागे कणगीतल्यासारखं काहीतरी लागतं. शिरगुप्पेला दिली तर तो माझ्या डोक्यावर ओतेल."

"मग राहू दे."

"राहू दे काय? सात वर्षांनी पितोय." त्याने दुसरा घोट घेतला. "भाल्या, मला काल काय वाटत होतं सांगू?"

"काय?"

"जाऊ दे. तू मगदूमशी मागे थांबून बोलत होतास ना त्या दिवशी, काय म्हणत होता तो?"

"पथ्याचं बोलत होते."

"काय?"

"अजिबात सोडायचं नाही म्हणाले." हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. "एक दिवससुद्धा मोडायचं नाही. मोडलं तर जबाबदार मी नाही, म्हणाले."

दादाने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला. त्याच्याशी मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला.

"तेच तर," तो म्हणाला. "ज्याची आशा सोडली त्याला कुणी पथ्य सांगत नाही. सांगतात का? म्हणजे अजून आहे काहीतरी. दुसरी बाटली जपून ठेव. जरा बसता यायला लागलं की शिरगुप्पेला बोलवू. दिवाळीत. आणि तूसुद्धा बसायचं. आता घरातच आहे, आता काय पळशील?"

"बसेन."

"नुसता नाही, पेला घेऊन."

"घेऊन," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की दिवाळी येईल.

दार ढकलून वहिनी आत आल्या. हातात ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. बिअरची बाटली बघून त्या थबकल्या, पण रागावल्या नाहीत.

"असं आहे होय! पुण्याचं प्रदर्शन!"

"ज्वारीची आहे," दादा घाईने म्हणाला. "विचार भाल्याला. लेबल वाचलंय मी. गव्हाचा कणसुद्धा नाही."

"असला तरी चालेल हो आता," वहिनी म्हणाल्या. "डोळे मिटा. मिटा म्हणते ना. हं, आता उघडा."

त्यांनी झाकण काढलं. ताटात बटाट्याची भाजी होती, आमटी होती, आणि घडी घातलेल्या दोन पोळ्या होत्या. तूप लावलेल्या, वाफ येत असलेल्या, गव्हाच्या पोळ्या.

दादा ताटाकडे बघत राहिला.

"पोळी?" तो म्हणाला.

"पोळी!" वहिनी कॉटच्या कडेला बसल्या. त्यांना धाप लागल्यासारखी झाली होती. "काल डॉक्टरांना फोन केला मी, ती रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर ते विचारायला. तर म्हणाले, वहिनी, आता पथ्याची काही गरज नाही. यांना हवं ते करून घाला. मी म्हटलं, अहो, गहूसुद्धा? तर म्हणाले, गहूसुद्धा. मी परत विचारलं. परत तेच.  फोन ठेवला आणि आधी देवापुढे साखर ठेवली. आतडं सुधारल्याशिवाय का कुणी सात वर्षांचं पथ्य सोडायला सांगतं? शेजारच्या वैजयंतीबाईंकडून किलोभर गहू आणले. घरघंटीत घालायच्या आधी दोनदा निवडले, खोटं नाही सांगत."

 मी जमिनीकडे बघत होतो. दादा माझ्याकडे बघतो आहे हे मला न बघता कळत होतं.  पुस्तकांत अशा वेळी कुणीतरी काहीतरी बोलतं.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं. "आवडलं नाही?"

"अगं, आवडलं नाही काय," दादा म्हणाला.  "बघू दे तरी आधी. सात वर्षांनी दर्शन होतंय." त्याने पोळीचा तुकडा मोडला. तुकडा मोठा मोडला गेला. तो त्याने भाजीबरोबर तोंडात घातला आणि सावकाश चावला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वातड झाली का? सवय गेली माझी."

"पापुद्रा सुटलाय, नलू," तो म्हणाला. "सवयबिवय काही गेली नाही तुझी."

"थांबा, गरम आणते. तव्यावरची." त्या लगबगीने उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हलकेच थाप मारून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हालाही वाढते. आता बाहेर पाव खाऊन चुळा भरायला नकोत." म्हणजे त्यांना तेही माहीत होतं.

त्या गेल्यावर दादा तोंडातला घास चघळत राहिला. तो त्याला गिळता येत नव्हता. मी पाण्याचं भांडं पुढे केलं. पाण्याबरोबर घास गेला.

"तुला त्याच दिवशी सांगितलं त्याने," दादा म्हणाला.

"हो."

"आणि तू पुण्याला जाऊन ही घेऊन आलास."

 तो भिंतीकडे तोंड करेल असं मला वाटलं. मी त्याची वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. पण तो दाराकडेच बघत होता. आतून तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज येत होता, आणि वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"तिला खरंच वाटतंय, नाही रे? मी बरा झालो असं?"

"हो."

"तू काही बोलू नकोस. मगदूमलाही सांग, तिचा फोन आला तर नीट बोल म्हणावं." त्याने पोळीचा आणखी एक तुकडा मोडला आणि हातात धरून ठेवला. मग पेला माझ्याकडे सरकवला. "ही तू पी."

"दादा, मी कधी..."

"पी म्हणतो ना. मला आता पथ्याची कशाला?"

मी पेला उचलला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. माझी ती आयुष्यातली पहिलीच बिअर. गार होती, किंचित आंबट, आणि दादा म्हणाला तसं मागे कणगीतल्या धान्यासारखं काहीतरी लागत होतं. साधी कशी लागते ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे ही वाईट आहे की बरी, हे मला ठरवता येईना.  पण दादा बघत होता, म्हणून मी दुसरा घोट घेतला.

वहिनी गरम पोळी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"अगंबाई! भाऊजी, तुम्हीसुद्धा?" त्या हसायला लागल्या. पोळी ताटात टाकायची विसरून, उलथन्यावर तशीच धरून हसत राहिल्या. "अहो, बघितलंत का? हातात पेला कसा धरलाय! औषधासारखा!"

"शिकेल हळूहळू," दादा म्हणाला. तोही हसत होता. "वाढ ती पोळी, गार होईल."

त्यांनी पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि कॉटवर त्याच्या पायाशी बसल्या. त्यांचं एक बोट पोळलं होतं, ते त्या पदराने दाबून धरत होत्या.

"मी काय म्हणते, उद्या शिरा करू का? रवा आणायला हवा."

"कर."

"आणि दसऱ्याला श्रीखंड-पुरी. पुरी किती वर्षांत तळली नाही हो."

"हो, पुरी कर."

"दिवाळीला करंज्या. चिरोटेसुद्धा. तुम्हाला चिरोटे आवडतात."

"आवडतात."

"संक्रांतीला गूळपोळी. मागच्या वर्षी शेजारून आली ती मी तुम्हाला दाखवलीसुद्धा नव्हती, परत पाठवली. यंदा भरपूर करते."

दादा जेवत होता. प्रत्येक घासाला त्याला पाणी लागत होतं आणि प्रत्येक घास तो संपवत होता. मी पेला रिकामा करत आणला होता.

"आणि होळीला पुरणाची पोळी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तशी."

 दादाने ताट थोडं पुढे केलं, आणखी वाढून घेण्यासाठी.

"जायफळ जरा जास्त घाल," तो म्हणाला.